पासिंगचा हिशेब

पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा असा मुहूर्त साधून घरात नवी दुचाकी येते. वर्तमानपत्रातील जाहिरातीत तिची किंमत वाचलेली असते, मनाशी एक आकडा ठरलेला असतो आणि तेवढी तजवीजही झालेली असते. शोरूममध्ये हाती पडणाऱ्या कोटेशनवर मात्र अखेरचा आकडा पंधरा-वीस हजारांनी चढलेला दिसतो. कारण विचारले असता ‘आरटीओ आणि इन्शुरन्स’ एवढे एकच उत्तर मिळते आणि बहुतेक जण त्यापुढे प्रश्न न विचारता पैसे भरून मोकळे होतात.

व्यापारी घराच्या बाबतीत ही गोष्ट थोडी नवलाची वाटते. मार्केट यार्डात हिशेबपट्टी हाती येताच हमाली किती, तोलाई किती, अडत कोणत्या दराने धरली, हे ओळीओळीने तपासणारा गृहस्थ स्वतःच्या घरच्या वाहनाची पट्टी मात्र न वाचता खिशात घालतो. सरकारी रक्कम आहे, तीत बोलण्यासारखे काय असणार, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः त्या एका ओळीत चार वेगवेगळ्या हातांत जाणारे पैसे एकत्र आलेले असतात. त्यांतील काही टाळता येत नाहीत, काही टाळता येतात आणि काही तर मुळात देणेच नसतात.

प्रथम शुल्क आणि कर यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. शुल्क हे सेवेचे मोल असते. कराच्या बदल्यात विशिष्ट सेवा मिळालीच पाहिजे असा दावा करता येत नाही. वाहनाच्या नोंदणीचे शुल्क केंद्र सरकार ठरवते. ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८१ खाली येते आणि देशभर सारखे असते. वाहनावरील कर मात्र राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीचा विषय आहे. म्हणून तो सांगलीत एक, निपाणीत दुसरा आणि पणजीत तिसरा असू शकतो. बोलीभाषेत या दोहोंना मिळून ‘पासिंग’ म्हणतात आणि सारा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

शुल्काचा भाग अगदी किरकोळ आहे. नव्या मोटारसायकलच्या नोंदणीस ३०० रुपये. नोंदणी प्रमाणपत्र स्मार्ट कार्डाच्या रूपात हवे असल्यास २०० रुपये. गाडी कर्जाऊ असेल तर बँकेचा बोजा नोंदविण्याचे ५०० रुपये. टपालखर्चासारखी एखादी बारीक रक्कम सोडली, तर कर्जाऊ दुचाकीचे शुल्क हजार रुपयांच्या आसपास थांबते. रोखीने घेतलेलीचे त्याच्या निम्म्यावर.

मोठी रक्कम कराची असते. महाराष्ट्रात खासगी दुचाकीवर १५ वर्षांचा एकरकमी कर घेतला जातो. २०१७ साली दर वाढल्यापासून तो इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे असा आहे: १०० सीसीच्या आतील गाडीस किमतीच्या १० टक्के, त्यापुढे ३०० सीसीच्या आत ११ टक्के आणि त्याहून मोठ्या गाडीस १२ टक्के. ज्यांच्या पिढीने दरवर्षी कर भरून टोकन घेतले, त्यांना हा आकडा अंगावर आल्यासारखा वाटतो. परंतु पंधरा वर्षांची ती देणी एका दिवशी मागितली जातात, हेही तितकेच खरे.

येथे एक खाच आहे. ‘किंमत’ म्हणजे कोणती किंमत? राज्याच्या कर कायद्यात वाहनाच्या किमतीची जी व्याख्या आहे, तीत उत्पादन खर्चाबरोबर त्यावरील अप्रत्यक्ष करही धरलेले आहेत. म्हणजेच जीएसटी मिळवून होणाऱ्या रकमेवर राज्याचा कर बसतो. उदाहरणासाठी १२५ सीसीच्या एका मोटारसायकलची मूळ किंमत ८०,००० रुपये धरू. १८ टक्के जीएसटी १४,४०० रुपये. शोरूमची किंमत ९४,४०० रुपये. त्यावर ११ टक्क्यांनी कर १०,३८४ रुपये. यांपैकी १,५८४ रुपये हे केवळ जीएसटीवर बसलेला कर आहेत. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा शोरूमची किंमत उतरलीच, शिवाय राज्याचा करही आपोआप कमी झाला. याच गाडीस पूर्वी ११,२६४ रुपये कर पडला असता. आता ८८० रुपयांनी कमी पडतो. ३५० सीसीवरील गाड्यांचे मात्र उलटे झाले. त्यांवर आता ४० टक्के जीएसटी असून राज्याचा १२ टक्के कर त्या फुगलेल्या किमतीवर चढतो. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा हट्ट धरणाऱ्या नातवाला हे गणित आधी सोडवायला द्यावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

तेव्हा आपल्या उदाहरणातील कर्जाऊ गाडीसाठी कर १०,३८४ आणि शुल्क १,००० मिळून ११,३८४ रुपये झाले. आता कोटेशनवर ‘आरटीओ’ या ओळीत १३,९०० रुपये लिहिलेले असतील, तर उरलेल्या २,५१६ रुपयांचा खुलासा मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. कराच्या रकमेवर पडणारा एखादा उपकर पावतीवर दाखविता येतो. तो देणे प्राप्तच आहे. परंतु ‘हाताळणी खर्च’, ‘फाइल खर्च’, ‘लॉजिस्टिक्स’ अशा नावांखाली मागितल्या जाणाऱ्या रकमांना मोटार वाहन कायद्याचा आधार नाही. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, विक्रेता ज्या राज्यातील त्याच राज्यात नवी गाडी नोंदवायची असेल, तर नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा असतो. जे काम कायद्यानेच विक्रेत्याकडे सोपविले, त्याचा वेगळा मेहनताना ग्राहकाकडून का घ्यावा, हा प्रश्न सौम्य शब्दांत विचारला तरी पुष्कळदा ती ओळ कोटेशनवरून नाहीशी होते.

अशाच आणखी दोन ओळी. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट उत्पादकानेच पुरवायची असते. नव्या गाडीवर तिचे निराळे पैसे लावणे गैर आहे. जुन्या गाड्यांना ती नव्याने बसवून घ्यावी लागली, तेव्हा महाराष्ट्रात दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये होता. तोच आकडा लक्षात राहिल्यामुळे नव्या गाडीवरही लोक ते निमूटपणे देतात. दुसरी ओळ हेल्मेटची. दुचाकी विकतेवेळी हेल्मेट पुरविण्याची तरतूद केंद्रीय नियम १३८ मध्ये आहे. फुकट मिळालेले हेल्मेट डोक्याला नीट बसत नाही म्हणून दुसरे घेतले, तर तो वेगळा खर्च. परंतु नियमातील हेल्मेट मागून घ्यावे.

पसंतीच्या क्रमांकाचा विषय निघाला की व्यापारी घरे जरा हळवी होतात. दुकानाच्या नावाशी जुळणारा अंक, थोरल्यांच्या जन्मतारखेचा अंक, बेरीज नऊ येणारा अंक. त्या हौसेला महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या ऑगस्टअखेर नवे दर लावले. दुचाकीच्या ‘०००१’ क्रमांकाचे शुल्क ५०,००० रुपये होते, ते एक लाख झाले. गाडीइतकाच क्रमांक महाग, असा हा व्यवहार. ज्याला तो करावयाचा त्याने करावा. मात्र त्याला ‘आरटीओने लुटले’ असे नंतर म्हणू नये.

विम्याची रक्कम ‘पासिंग’मध्ये मोडत नाही, तरी ती त्याच श्वासात सांगितली जाते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या गाडीस त्याचे ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीच्या गाडीस ७,३६५ रुपये होतात. वर १८ टक्के जीएसटी. एवढा भाग सक्तीचा आणि सर्व कंपन्यांकडे सारखाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो, त्याचा दर कंपनीनुसार बदलतो, आणि शोरूमने सुचविलेल्याच कंपनीकडून तो घेतला पाहिजे असे बंधन नाही. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचेही तसेच. तेवढ्या रकमेची पॉलिसी आधीच असेल, तर ती दाखवून हा हप्ता वाचविता येतो. घरात तीन गाड्या असणाऱ्यांनी तरी हे तपासावे.

कर्जाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘ऑन रोड’ किमतीवर कर्ज मिळाले की ग्राहक खूश होतो. कारण पासिंगचे पैसे खिशातून जात नाहीत. परंतु १२ टक्के व्याजाने ३६ हप्त्यांत फेडायच्या दर १०,००० रुपयांमागे ३३२ रुपयांचा हप्ता बसतो आणि एकंदर १,९५७ रुपये व्याज जाते. गाडी तारण म्हणून तरी बँकेकडे असते, कर मात्र भरल्या दिवशीच संपलेला असतो. संपलेल्या गोष्टीवर तीन वर्षे व्याज भरण्यापेक्षा कर आणि विमा स्वतःच्या पैशांतून द्यावा, कर्ज गाडीपुरतेच घ्यावे, हे अधिक शहाणपणाचे. दुकानाच्या नावे गाडी घेणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की माणसांची ने-आण करणाऱ्या अशा वाहनावरील जीएसटीची वजावट मिळत नाही. नोंदणी आणि एकरकमी कर गाडीच्या किमतीत मिळवून त्यावर १५ टक्क्यांनी घसारा धरला जातो. तो खर्चाच्या खात्यात एकदम टाकता येत नाही. चारचाकी तर कंपनीच्या नावे घेतली की महाराष्ट्रातील कर थेट २० टक्क्यांवर जातो.

येथवरचा सारा हिशेब एका राज्यातला झाला. खरा धक्का सीमा ओलांडल्यावर बसतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत्याच्या घरचे उदाहरण घ्यावे. धाकट्या मुलाने नोकरी लागताच पहिल्या सहा महिन्यांच्या शिलकीतून आणि थोड्या कर्जातून १,६०,००० रुपयांची मोटारसायकल घेतली. १६० सीसीची गाडी, कर ११ टक्क्यांनी १७,६०० रुपये. वडिलांचा पैसा न घेता केलेली त्याची ही पहिलीच खरेदी. पुढे कंपनीने त्याची बदली बेंगळुरूला केली आणि गाडी मिरजेहून रेल्वे पार्सलने त्याच्या मागोमाग गेली. नवव्या महिन्यात त्याच्या कचेरीतील एका सहकाऱ्याची महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी परिवहन खात्याने अडविली, तेव्हा त्याला प्रथमच समजले की आपल्यालाही तेथे कर भरावा लागणार आहे. कर्नाटकात एक लाख रुपयांवरील दुचाकीस आजीवन कर १८ टक्के आहे. शिवाय करावर उपकर. १,६०,००० वर हे २८,८०० रुपये झाले. गाडीच्या वयानुसार त्यात काही घट मिळते, पण वर्षभराच्या गाडीला ती थोडीच.

रात्री दुकानाचा मेळ घालून अण्णा घरी आले, तोच त्याचा फोन.

“अण्णा, सांगलीत सतरा हजार सहाशे भरले ते पंधरा वर्षांचे भरले ना? मग इथं पुन्हा कशाला?”

“पावती बघ,” अण्णा म्हणाले, “वर महाराष्ट्र लिहिलंय.”

कायद्याची बाजू एवढ्या एका वाक्यात येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तेथील नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे, आणि नव्या क्रमांकाबरोबर तेथील करही येतो. एका राज्याला दिलेला कर दुसऱ्या राज्याच्या खात्यात वळता होत नाही.

त्या आठवड्यात मुलाला दोन सल्ले मिळाले. बेंगळुरूच्या एका एजंटाने ‘सगळे मिळून’ एक गोळा रक्कम सांगितली आणि तीत कर किती, त्याची मेहनत किती, हे सांगण्याचे टाळले. सांगलीच्या एका परिचिताने सुचविले की काहीच करू नये. दर दोन-तीन महिन्यांनी गावाकडची पेट्रोलची पावती खिशात ठेवावी आणि कोणी विचारलेच तर ‘मागच्याच आठवड्यात आलो’ म्हणावे. अण्णांना दोन्ही सल्ले रुचले नाहीत. पहिल्यात हिशेब नव्हता. दुसऱ्यात खोटे बोलणे होते आणि तेही दर नाक्यावर नव्याने. त्यांनी मुलाला पहिला प्रश्न विचारला तो निराळाच होता: गाडी बेंगळुरूला उतरली ती तारीख कोणती, आणि रेल्वेची पार्सल पावती आहे काय?

पावती होती. हा प्रश्न महत्त्वाचा, कारण १२ महिन्यांची मोजणी गाडी त्या राज्यात आल्यापासून होते, गाडी विकत घेतल्यापासून नव्हे. दुचाकीला टोल नसल्यामुळे टोलनाक्याची पावती पुरावा म्हणून मिळत नाही. रेल्वेची पार्सल पावती किंवा वाहतूकदाराची बिल्टी हाच तारखेचा भक्कम आधार. ती जपून ठेवली नसती, तर खरेदीची तारीख धरून गाडी वर्षाची झाली असे कोणी म्हटल्यास उत्तर देणे जड गेले असते. हाती तीन महिने शिल्लक आहेत, हे त्या एका कागदावरून ठरले.

मग थोरल्या भावाने, जो दुकानाची खतावणी सांभाळतो, एका वहीच्या पानावर मार्ग मांडले. पहिला, कर्नाटकात रीतसर नोंदणी. त्यासाठी सांगलीच्या कार्यालयातून नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र; त्यावर चासी क्रमांकाची पेन्सिलीने घेतलेली छाप; गाडीवर बोजा असल्याने बँकेची संमती; मग बेंगळुरूस नमुना २७ वर अर्ज आणि कर. त्यानंतर महाराष्ट्राकडून उर्वरित काळाच्या कराचा परतावा. हा परतावा आपोआप येत नाही. नवे नोंदणी प्रमाणपत्र आणि तेथील कराची पावती जोडून मूळ कार्यालयाकडे स्वतः अर्ज करावा लागतो, आणि रक्कम ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळते. तो अर्जच न केल्यामुळे किती घरांनी हे पैसे सोडून दिले असतील! कष्टाचे पैसे शासनाच्या तिजोरीत विसरून यावेत, इतकी ही रक्कम लहान नसते.

दुसरा मार्ग ‘बीएच’ म्हणजे भारत मालिकेचा. २०२१ च्या १५ सप्टेंबरपासून हा सुरू झाला. केंद्र व राज्य सरकारांचे, सार्वजनिक उपक्रमांचे आणि संरक्षण दलांचे कर्मचारी, तसेच ज्या खासगी कंपनीची कार्यालये चार वा अधिक राज्यांत आहेत तिचे कर्मचारी यांना तो खुला आहे. १० लाखांच्या आतील वाहनास कराचा दर ८ टक्के, तोही जीएसटी वगळून होणाऱ्या किमतीवर आणि दोन-दोन वर्षांच्या हिशेबाने. राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. डिसेंबर २०२२ पासून आधीच नोंदलेल्या गाडीलाही अटी पुऱ्या झाल्यास हा क्रमांक घेता येतो. नोकरदार मुलांसाठी ही उत्तम सोय आहे. दुकानदार बापाला ती मिळत नाही. बदलीची नोकरी असलेल्या मुलाने गाडी घेतानाच कंपनीचे प्रमाणपत्र देऊन हा क्रमांक मागितला, तर पुढचा सारा प्रपंच टळतो. कार्यालयांची वागणूक राज्याराज्यांत सारखी नसते, हे मात्र गृहीत धरावे. या मुलाच्या कंपनीने प्रमाणपत्र देण्यास इतके दिवस लावले की तीन महिन्यांतील एक महिना तेथेच गेला.

तिसरा मार्ग अण्णांनी सुचविला आणि तो मुलाला मुळीच आवडला नाही: गाडी परत सांगलीला आणावी. दुकानाला वसुलीच्या फेऱ्यांसाठी तशीही एक गाडी हवी होती. बेंगळुरूस त्याने कर्नाटकाच्याच क्रमांकाची, कर भरलेली जुनी स्कूटर घ्यावी. तिच्या मालकीबदलास नोंदणी शुल्काच्या निम्मे, म्हणजे १५० रुपये पडतात. हिशेब निर्विवाद होता. पण ती गाडी त्याची होती, स्वतःच्या कमाईची. “दुकानाच्या गाड्या आहेतच की, माझीच कशाला?” असे तो दोनदा म्हणाला. आईला त्याचे म्हणणे पटत होते आणि अण्णांचेही. शेवटी थोरल्या भावाने तोड काढली. दुकानाच्या वहीत धाकट्याच्या नावाचे खाते होतेच; गाडीच्या चालू किमतीतून उरलेले कर्ज वजा करून राहिलेली रक्कम त्या खात्यात जमा धरावी, पुढचे हप्ते दुकानाने भरावेत, आणि तो परत सांगलीला येईल तेव्हा त्याला हवी तर गाडी त्याच आकड्याने घसारा धरून परत द्यावी. अकराव्या महिन्यात गाडी मिरजेला उतरली. पार्सलची ही दुसरी पावतीही पहिलीला टाचून ठेवली.

सीमाभागातील घरांना याची आणखी एक बाजू ठाऊक असते. निपाणीत घर आणि कोल्हापुरात दुकान, किंवा उलट. कर जिकडे कमी तिकडे गाडी घ्यावी, असे मनात येते. कलम ४० प्रमाणे वाहनाची नोंदणी मालक जेथे राहतो किंवा जेथे त्याचा व्यवसाय आहे आणि वाहन सामान्यतः जेथे ठेवले जाते, तेथे व्हावी लागते. ज्याचा धंदा खरोखर दोन्हीकडे आहे आणि गाडी जेथे उभी असते तेथलाच पत्ता तो देतो, त्याचे काही चुकत नाही. मेहुण्याच्या भाडेकरारावर गाडी नोंदवून ती वर्षभर दुसऱ्याच गावी फिरवणे ही वेगळी गोष्ट. पत्त्याचा तो खोटेपणा कर वाचवून देतो आणि अपघाताच्या दाव्यात कागद तपासले जातात त्या दिवशी प्रश्नांची माळ उभी करतो.

सांगलीच्या त्या घरात वसुलीसाठी गाडी हवी होती, याचे कारण दुकानामागच्या बोळात उभी असलेली आजोबांची स्कूटर. वय २३ वर्षे. १५ वर्षांनंतर एकदा नूतनीकरण झालेले. पुढील पाच वर्षांची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली. ती दुरुस्त करून चालवावी, नव्या खर्चात पडू नये, असा आईचा आग्रह होता आणि त्यात आजोबांची आठवणही होती. नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयेच असेल, अशी सर्वांची समजूत. परंतु १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील दुचाकीस ते १,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील दुचाकीसाठी २,००० रुपये ठरले. त्यावर उशिराचे दरमहा ३०० रुपये; ३६ महिन्यांचे १०,८००. म्हणजे १२,८०० रुपये झाले. १५ वर्षांवरील वाहनांना राज्याचा पर्यावरण कर निराळा. २०१० पासून तो सुरू झाला तेव्हा दुचाकीस पाच वर्षांसाठी २,००० रुपये होता. शिवाय नोंदणी प्रमाणपत्र अजून आजोबांच्याच नावे. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत कार्यालयास कळवायचे असते आणि वारसाच्या नावे करण्याचा अर्ज नमुना ३१ वर असतो. तो कोणी भरलाच नव्हता. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, हे तीन वर्षांपूर्वी कोणाच्या ध्यानात असते तर आकडा हजाराच्या घरात राहिला असता.

तेवढ्या पैशांत आजोबांची स्कूटर चालती ठेवावी की नाही, हा केवळ व्यवहाराचा प्रश्न नव्हता, म्हणून अण्णांनी तो आईवर सोडला. आठ दिवसांनी तिने होकार दिला आणि वारसनोंदीचे कागद पुरे करून स्कूटर मान्यताप्राप्त भंगार केंद्राकडे जाईल असे ठरले. अशा केंद्राकडून मिळणारे ठेव प्रमाणपत्र दाखविल्यास नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, आणि खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत राज्यांना देता येते. गल्लीतील भंगारवाल्याकडे गाडी दिली, तर ते प्रमाणपत्र मिळत नाही आणि कागदोपत्री गाडी मालकाच्याच नावे राहते.

कागदांची ती पेटी उघडलीच आहे तर सगळेच पाहून घ्यावे म्हणून थोरल्या भावाने घरातील बाकीची नोंदणी प्रमाणपत्रे बाहेर काढली. एका स्कूटरचे कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलेले, पण बँकेचा बोजा कार्डावर तसाच. बँकेचे जुने पत्र पेटीत होते. त्याची मुदत केव्हाच संपलेली आणि ती बँकही मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. नव्या बँकेच्या शाखेतून ताजे पत्र आणून नमुना ३५ वर अर्ज करावा लागणार होता. त्याने तीनही गाड्यांच्या मुदतीच्या तारखा दुकानातल्या दिनदर्शिकेवर, गुमास्ता आणि बाजार समितीच्या परवान्यांच्या तारखांखाली, लाल शाईने लिहून ठेवल्या.